शाळा न सोडलेली अलबिना

दरेकसाच्या स्टेशनात पॅसेंजर थांबली की रेल्वे क्वार्टरच्या कुंपणापासून एक पोरगी धावत सुटायची आणि खिडकीतल्या माणसांना विचारायची, "कुठं जाऊन राहिले?" कोणी डोंगरगडला देवीला निघालेलं असायचं, कोणी आमगावच्या बाजाराला, कोणी गोंदियाच्या दवाखान्यात. गाडी हलेपर्यंत पोरीला चार माणसांची गावं, दोघांची दुखणी आणि एखाद्या लग्नाची तारीख कळलेली असायची. एका म्हाताऱ्याने तर गाडी सुटल्यावर आपली अर्धी राहिलेली हकीकत खिडकीतून ओरडून पुरी केली होती.

ही अलबिना तिर्की. तिला माणसांची एवढी भूक लागायचं कारण साधं होतं. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि त्यातला बोगदा, मध्ये मोजकी क्वार्टरं. त्यातून अलबिना कधी शाळेत गेलेलीच नव्हती. तिची शाळा घरातच होती.

त्यामागे तिच्या आईची जुनी गोष्ट होती. फिलोमिना जशपूरकडची, उराँव ख्रिस्ती घरातली. ती पाच वर्षांची असताना तिच्या बापाने तिला मिशनच्या वसतिगृहात आणून सोडलं. शिक्षण चांगलं झालं, बारावी झाली, पुढे मिशनच्याच शाळेत ती लहान मुलांना शिकवायलाही लागली. पण पहिल्या दिवशी बापाची पाठ फाटकाबाहेर जाताना पाहिली, ते दृश्य काही तिच्या डोळ्यांपुढून हटलं नाही. लग्न करून ती पास्कलच्या नोकरीमागे गोंदिया जिल्ह्यात आली. पास्कल रेल्वेत चाबीवाला. हातोडा खांद्यावर टाकून रोज रूळ चालायचा आणि रूळ धरून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या लोखंडी चाव्या ठोकून बसवायचा.

१९९९ साली अलबिना सहा वर्षांची झाली. गावात चौथीपर्यंत शाळा होती, पण त्यानंतर पुन्हा वसतिगृहच. रेल्वेतल्या बाकीच्या ख्रिस्ती घरांतली मुलं तशी जातही होती. फिलोमिनाने जाहीर करून टाकलं, "माझी मुलगी वसतिगृहात जाणार नाही. तिला पहिलीपासून मीच शिकवीन."

"शिकव ना व," पास्कल म्हणाला. "माहं काय जाते?"

फिलोमिनाला मराठी येत नव्हती. मुलीच्या एक धडा पुढे राहून ती पाठ्यपुस्तकांतून शिकत गेली, त्यामुळे ती बोलायची ती थेट धड्यातली मराठी. "अलबिना, कृपया दिवा मालव." पास्कलची मराठी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधल्या माणसांकडून आलेली. "पोट्टे, दिवा इझव." अलबिना आईशी आईच्या मराठीत बोलायची, बापाशी बापाच्या. धाकटा निर्मल झाल्यावर त्यालाही हाच वारसा मिळाला.

घंटेचं काम गाड्या करायच्या. सकाळची प्रार्थना झाली की गणित. कोळशाची मालगाडी घर हादरवत गेली की भाषा. दुपारची पॅसेंजर आली की सुट्टी. पॅसेंजर लेट असली तर सुट्टीही लेट, आणि तोवर गणितं चालू. "माह्या पोरीचं गनित एवढं पक्कं काऊन?" पास्कल गँगमध्ये कौतुकाने सांगायचा. "गाडी कधी टायमावर आली?"

संध्याकाळी चौघं मिळून जपमाळ म्हणायचे. महिन्यातून एकदा गोंदियाहून फादर वर्गीस यायचे. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खाटेवर पांढरी चादर अंथरून वेदी मांडायची, मिस्सा व्हायची, आणि मग फादर कोंबडीच्या रश्शावर मनापासून ताव मारायचे. नाताळला आणि ईस्टरला सगळे गोंदियाच्या चर्चमध्ये जायचे. तिथे आपल्या वयाच्या पोरी घोळक्याने एकमेकींच्या कानात काहीतरी कुजबुजून हसायच्या, तेव्हा अलबिना खांबाशी उभी राहून बघत राहायची. त्या नेमकं कशाला हसतात हे तिला कळायचं नाही, पण आपणही तिथे असावं असं फार वाटायचं.

दहावी तिने मुक्त विद्यालयातून दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. बारावीला विज्ञान घेतलं. तेही फिलोमिनानेच शिकवलं. जिथे अडलं तिथे दोघी मिळून पुस्तकाशी झटल्या.

२०१० सालच्या जानेवारीत एक दिवस सकाळच्या गाडीतून एकदम तीस-पस्तीस पोरंपोरी दरेकसाला उतरली. पाठीवर पिशव्या, डोक्यावर टोप्या आणि प्रत्येकाच्या हातात हातोडी. अलबिनाला पहिल्यांदा वाटलं, रेल्वेने बाबांच्या कामावर नवी माणसं घेतली. पण ही नागपूरच्या कॉलेजातली भूशास्त्र शिकणारी मुलं होती, दरेकसाचे दगड बघायला आलेली. त्यांच्याबरोबर जाड चष्म्याच्या, मोठ्या आवाजाच्या एक मॅडम होत्या.

"दगड पाह्यला नागपूरवरून आले?" अलबिनाने विचारलं.

"हो. आणि तू रोज फुकट बघतेस," मॅडम म्हणाल्या. "चल, दाखव तुझं गाव."

अलबिना आईला न विचारता निघाली. दिवसभर ती त्यांच्यासोबत नाल्यात उतरली, टेकडीवर चढली. मॅडमनी एका काळपट लाल दगडावर हातोडी मारली आणि त्याचा ताजा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "हा एके काळी उकळता रस होता. इथे ज्वालामुखी होते. दोनशे कोटी वर्षं तरी झाली असतील."

अलबिनाने तो तुकडा उलटसुलट पाहिला. याच दगडांवर ती कपडे वाळत घालायची. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला दगडापेक्षा जेवण जास्त आवडलं. दुपारी सगळे सावलीत गोल बसले, डबे उघडले, आणि कुठला डबा कुणाचा हेच राहिलं नाही. एकीची भाजी दुसऱ्याने पळवली, तिसऱ्याने गाणं म्हटलं, चौथीने त्याची नक्कल केली. रिंकी टेंभरे नावाची आमगावची एक मुलगी पहिल्याच वर्षाला होती. तिने अलबिनाच्या हातावर अर्धी पोळी ठेवली आणि कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम रागावल्या की त्यांचा चष्मा घसरते. पाह्य आता." मॅडम एका मुलावर ओरडल्या, चष्मा खरंच घसरला, आणि दोघी तोंड दाबून इतक्या हसल्या की अलबिनाला ठसका लागला. ती घरी आली ते गाल लाल आणि केसांत गवत घेऊन. आईने काय झालं विचारलं तर नुसती म्हणाली, "आई, ती मुलं एकाच वर्गात बसतात."

पुढच्या वर्षी बारावीचा निकाल लागला आणि घरात सल्ल्यांचं पीक आलं.

पास्कलला वाटत होतं पोरीने रेल्वेची परीक्षा द्यावी. शेजारच्या धुरपताबाई मोहफुलं निवडता निवडता म्हणाल्या, "डी.एड. नोको करू व माय. माहा भाचा डी.एड. करून ट्रॅक्टर चालवून राहिला." फादर वर्गीसांनी नर्सिंगचं नाव काढलं, कारण दरवर्षी ते सगळ्या पोरींपुढे नर्सिंगचंच नाव काढायचे. आणि फिलोमिनाने तर सगळं ठरवूनच ठेवलं होतं.

"पदवीसुद्धा घरी बसून घेता येते," ती म्हणाली. "मुक्त विद्यापीठ आहे. मराठी साहित्य घे, मीही तुझ्यासोबत वाचीन. आपण दोघी मिळून उत्तम अभ्यास करू."

अलबिना ताटात भात कालवत राहिली. आईचा चेहरा इतका उजळला होता की नाही म्हणणं जिवावर आलं. पण दोन घास खाल्ल्यावर तिच्या तोंडून जे निघालं ते थेट बापाच्या भाषेत.

"मले बाक पायजे!"

"काय?"

"बाक. वर्गातला. दोन्हीकडून पोरी बसलेल्या. मले त्या दगडवाल्या कॉलेजात जायचं आहे, नागपूरला. होस्टेलमध्ये राहीन."

वसतिगृह हा शब्द या घरात इतक्या वर्षांत कोणी सरळ उच्चारला नव्हता. फिलोमिनाने ताट बाजूला सारलं. "म्हणजे मी शिकवलं ते अपुरं पडलं?"

"तसं नाही, आई."

"मग कसं?"

आई अपुरी पडली नव्हती. पण आईला खिडकीत बसवून कुठं जाऊन राहिले, असं विचारता येत नव्हतं. अलबिना उठून बाहेर गेली आणि धुण्याच्या दगडावर बसून रडली. मग पॅसेंजर आली तशी डोळे पुसून गाडीकडे धावली.

दोन-तीन दिवस घरातली मराठी अतिशुद्ध झाली. "कृपया मीठ दे." "धन्यवाद." पास्कलला असली सभ्यता सोसवेना. तो ड्यूटीवर जाताना निर्मलला म्हणाला, "तुही माय एवढं गोड बोलून राहिली, म्हंजे लय रागावली."

मग फादर वर्गीस मिस्सेला आले. जेवताना फिलोमिनाने त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. "फादर, बायबलमध्ये लिहिलं आहे, देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं. आणि ही तिथे जाऊन दोनशे कोटी वर्षं शिकणार. हिच्या श्रद्धेचं काय होईल?"

फादरांनी हाड बाजूला ठेवलं. "फिलोमिना, सूर्य देवाने कितव्या दिवशी केला?"

"चौथ्या."

"मग पहिले तीन दिवस कुणी मोजले? तेव्हा दिवस केवढा होता हे तुला माहीत आहे? मला तर नाही. देवाने काय केलं हे पुस्तकात आहे. किती वेळ घेतला ते दगड सांगत असतील तर ऐकू दे की पोरीला."

पास्कल मोठ्याने हसला. फिलोमिनालाही हसू आलं, पण तिने ते पदराआड लपवलं. फादरांनी बोटं चाटली आणि हळू आवाजात पुढे म्हणाले, "तुझी भीती बायबलची नाहीच. तुझी भीती फाटकाची आहे."

फिलोमिना उठून त्यांना आणखी भात आणायला गेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ थांबली. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते. "मी ते वसतिगृह आधी बघणार," ती म्हणाली. "मग ठरवीन."

पास्कलची एकच अट होती. "गाडी बदलावं लागते का?"

"नाही बाबा. इथून सरळ नागपूर."

"मंग कॉलेज चांगलंच आहे."

रेल्वेचा पास होताच. सगळं घर नागपूरला गेलं. कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनाने अलबिनाचे गुण बघून मान डोलावली, आणि मग विचारलं, "शाळा सोडल्याचा दाखला?"

"तो नाही," अलबिना म्हणाली.

"शाळेचं नाव काय?"

"शाळा नव्हती. घरीच शिकले."

कारकून सज्जन होता, पण त्याच्या उभ्या नोकरीत असं कोणी आलं नव्हतं. "अहो, पण शाळा सोडल्याशिवाय कॉलेजात कसं घेता येईल?"

पास्कलने फिलोमिनाला दंडाला धरून खिडकीपुढे उभं केलं. "साहेब, हे शाळा. माही बायको. पोरीनं अजून सोडली नाई तिले. सोडनार बी नाई."

रांगेतली मुलं खदखदून हसली, कारकूनही हसला. आवाज ऐकून आतून जाड चष्म्याच्या मॅडम बाहेर आल्या. "अरे, ही तर दरेकसाची! हिने आम्हाला आख्खा नाला दाखवलाय." त्यांनीच कागद चाळले. मुक्त विद्यालयाकडून आलेलं स्थलांतराचं प्रमाणपत्र त्यात होतं. तेच दाखल्याच्या जागी चालतं, हे इतक्या गोंधळात कुणी बघितलंच नव्हतं. कारकुनाने आत विचारून शिक्का मारला आणि फिलोमिनाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के आहे."

आता राहिलं वसतिगृह. ते सिस्टरांचं होतं, कॉलेजपासून जवळच. फाटकाशी आल्यावर फिलोमिनाचे पाय थांबले. लोखंडी फाटक, आत आंब्याची झाडं. अलबिनाने आईचा हात धरला तर तिने तो घट्ट पकडला. आई या क्षणी पाच वर्षांची आहे, हे तिला एकदम कळलं.

"आई, नको असेल तर परत जाऊ," ती म्हणाली, आणि ते खरंच मनापासून म्हणाली.

तेवढ्यात आतून केस धुऊन आलेली एक मुलगी गच्चीवरून वाकली. तिने फिलोमिनाच्या साडीचा, उराँव बायकांचा असतो तसा लाल काठ पाहिला आणि आनंदाने हाक मारली, "जय येसू, काकी! जशपूरकडच्या का?" ती मुलगी निघाली जशपूरजवळच्याच कुनकुरीची. मग काय, फिलोमिनाच्या तोंडून पुस्तकी मराठी गळून पडली आणि माहेरची सादरी बोली वाहायला लागली. आत त्या मुलीच्या खोलीत बसून कुणाची मावशी कुणाच्या गावात दिली याचा शोध सुरू झाला. वॉर्डन सिस्टर फ्लेविया चहा घेऊन आल्या, तर त्यांनाही बसवून घेतलं. फिलोमिनाने त्यांना फक्त एक प्रश्न विचारला.

"मुलीला घरी यावंसं वाटलं तर?"

"सांगायचं आणि जायचं. शनिवारची गाडी आमच्या अर्ध्या मुलींना तोंडपाठ आहे."

फिलोमिनाने खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर हात फिरवला, चादरीची सुरकुती काढली. पास्कल दारात येऊन म्हणाला, "गाडी गेली आपली."

"दुसरी येईल," फिलोमिना म्हणाली, आणि कुनकुरीच्या मुलीला विचारलं, "हं, मग तुझ्या आजोबांचं काय झालं?"

अशी अलबिना कॉलेजात गेली. पहिल्या आठवड्यात तिने वर्गाला भरपूर हसवलं. तहान लागली की ती तास चालू असतानाच उठून पाणी पिऊन यायची. भूक लागली की डबा उघडायची. हजेरीत तिचं नाव आलं तेव्हा तिने "हो, बोला सर" असं म्हटलं. सर क्षणभर खरंच काय बोलावं याचा विचार करत राहिले. रिंकीने, ती आता तिसऱ्या वर्षाला होती, मधल्या सुट्टीत तिला कॉलेजचे सगळे नियम शिकवले.

पण जे एवढं हवं होतं तेच तिला महिन्याभरात जड झालं. चोवीस तास माणसं! खोलीत माणसं, आंघोळीच्या रांगेत माणसं, जपमाळेलाही माणसं. तिला एकटं बसायची सवय होती हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. एक दिवस ती गच्चीवरच्या टाकीमागे लपून बसली. सिस्टर फ्लेवियांनी तिला तिथे शोधलं आणि काही न विचारता शनिवारच्या गाडीला बसवून दिलं.

दरेकसाला उतरल्यावर तिने आईला सांगितलं, "मला थोडी शांतता पाहिजे होती." फिलोमिनाला तो आपला विजय वाटायला हवा होता. पण तिने लेकीला गरम भात वाढला, दुपारभर झोपू दिलं आणि रविवारी स्वतःच उठवलं. "ऊठ. गाडी चुकेल."

पुढे तिला दोन्ही जमलं. माणसंही, आणि टाकीमागची जागाही. नाताळात रिंकी दरेकसाला राहायला आली. मिस्सेत ती अलबिनाचं बघून बघून उभी राहिली, बसली, आणि एकदा सगळे बसल्यावर एकटीच उभी राहिली. मग दोघींचं पुन्हा तेच, तोंड दाबून हसणं. फादर वर्गीसांनी वेदीवरून डोळे वटारले.

अलबिना पदवी घेऊन थांबली नाही, एम.एस्सी. झाली. आता ती भूजलाच्या सर्वेक्षणाचं काम करते. गोंदिया जिल्ह्यातल्या गावागावांत फिरून विहिरींचं पाणी मोजते, बोअर कुठे घ्यावी ते सांगते. गावात गेली की काम अर्धा तास आणि गप्पा दोन तास. गोंदियाजवळ कुडव्याला भाड्याच्या खोलीत राहते, स्कूटीवर फिरते. रविवारी चर्चमध्ये बारावीच्या पोरींचे आईबाप तिला गाठतात, काय घ्यावं, कुठे पाठवावं विचारतात. ती म्हणते, "आधी पोरीले घेऊन जा, दाखवा. तिथं तिचं तोंड पाहा."

निर्मलची बारावी झाली तेव्हा फिलोमिनाने उत्साहाने त्याची पेटी काढून पुसून ठेवली. कुठलं वसतिगृह, कुठली गाडी, सगळी चौकशी तिने करून ठेवली होती. निर्मल खाटेवर पडून म्हणाला, "आई, मी कुठंही जात नाही. मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो. घरीच. मला तुझ्या हातचं जेवण आवडतं."

फिलोमिनाने कपाळावर हात मारला. "अरे, पण माणसांत मिसळायला नको का?"

"कायले?" निर्मल म्हणाला.

पास्कल दारात बसून बूट घालत होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा पोराकडे, हातोडा खांद्यावर टाकला, आणि हसत हसत रुळाला लागला.